वीगन ताट आणि पौष्टिक ताट

कढईतून नुकताच निघालेला हा बटाटेवडा पाहा. बेसन, बटाटा, मिरची-लसूण, तळणीचे तेल आणि सोबत मैद्याचा पाव. पावात दूध-लोणी नसेल, तर हा वडापाव पूर्णपणे वीगन, म्हणजे कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेला, आहे. तरीही रोजचे जेवण म्हणून कोणताही आहारतज्ज्ञ त्याची शिफारस करणार नाही.

१९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीगन सोसायटी स्थापन केली, ती प्राण्यांच्या शोषणाला विरोध म्हणून. ही नैतिक भूमिका आदरास पात्र आहे. मात्र ताटात तेल, मीठ, साखर किती असावी, हा तिचा विषयच नव्हे.

वीगन म्हणजे पौष्टिक असेच नव्हे, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरांत होते. १९३७ साली भारतात आलेला डालडा दुधाच्या थेंबाशिवाय तयार होत असे. निकेलच्या साहाय्याने वनस्पती तेलाची हायड्रोजनशी प्रक्रिया केली, की ते तुपासारखे घट्ट होते. पण ही प्रक्रिया अर्धवट राहिली, तर ट्रान्स फॅट तयार होतात, आणि ते रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवून चांगले कमी करतात. लग्नाच्या पंगतींपासून बेकरीतल्या खारीपर्यंत वनस्पती तूप अनेक दशके वापरले गेले. त्यातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडावे लागले.

आता हे दुसरे ताट: ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मोड आल्याने कडधान्यातले फायटेट, म्हणजे लोह शोषले जाण्यात अडथळा आणणारे द्रव्य, कमी होते आणि वर लिंबू पिळले, की लोह अधिक शोषले जाते. हे ताट खरोखरच पौष्टिक आहे, पण त्यातही ब-१२ जीवनसत्त्व नाही. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्याला मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. यकृतात साठा असल्यामुळे दूध सोडल्यावर बराच काळ, कधी काही वर्षे, काहीच जाणवत नाही; पुढे तळपायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होते, आणि घरचे त्याचा दोष वयाला देतात. शिवाय पालेभाज्यांतल्या भरपूर फोलेटमुळे (हेही ब गटातलेच एक जीवनसत्त्व) ब-१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

म्हणून वीगन आहार घेणाऱ्याने ब-१२ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ नियमित घ्यावेत. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने तर याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलावे, कारण बाळाचा साठा तिच्याकडूनच येतो.