पोर्शन संपला, पण कळलं का?

एक ट्रक आणि एक छोटी कार समोरासमोर धडकली. जास्त जोर कोणी लावला, ट्रकने कारवर, कारने ट्रकवर, की दोघांनी सारखाच? व्हिडिओ पॉज करा आणि मनात एक उत्तर पक्कं करा.

बहुतेक जण ट्रक म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी जणांना न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असतो. जोर सारखाच असतो हो, कार हलकी आणि नाजूक म्हणून तिचा चेंदामेंदा होतो एवढंच.

हार्वर्डमधले फिजिक्सचे प्रोफेसर एरिक माझूर, लेक्चर फेमस, मुलं खूश, अवघड गणितंही मुलं सोडवायची. पण असले साधे प्रश्न वर्गात दिले तर कुणीतरी विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू का मला वाटतं तसं? बघा म्हणजे!

मग 1991 पासून त्यांनी पद्धतच बदलली. आधी प्रश्न, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजारच्याशी वाद घालायचा आणि परत उत्तर द्यायचं. शेजारच्याला ते नुकतंच कळलेलं असतं ना, त्यामुळे गाडी कुठे अडते ते त्याला आठवत असतं, सरांना ते विसरून वर्षं झालेली असतात.

कोर्स आखतानाही आपण शिकवणारे सुरुवात चुकीच्या टोकाने करतो, इतके चॅप्टर, इतके तास, भागाकार केला की झालं प्लॅनिंग. खरं तर आधी ठरवायचं की सेमिस्टर संपल्यावर मुलांना काय करता आलं पाहिजे, मग ते आलंय हे कशावरून कळणार, आणि लेक्चरचा नंबर त्यानंतर. आणि 'संकल्पना समजेल' असलं गुळमुळीत उद्दिष्ट नको, ते तपासणार कसं?

2014 मध्ये सायन्स, इंजिनिअरिंग आणि मॅथ्सच्या 225 अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. नुसत्या लेक्चरच्या वर्गात साधारण 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22.

तरी एक घोळ आहेच. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की गुळगुळीत लेक्चरमध्येच जास्त कळलं. डोक्याला ताण पडला की आपल्याला काही येत नाही असं वाटतं, आणि ते सगळं फीडबॅक फॉर्मवर उतरतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच वर्गाला हे आकडे दाखवून टाकायचे, फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही.