पहिली जून आणि फुलर्टनची गिटार

मंडळी, विषय ‘जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखायची कशी’ असा छापलाय. सांगतो. पण आधी माझी रड ऐका.

१९९१ साली मुंबईत हॉटेलात वाजवणाऱ्या एका काकांकडून मी फेंडर या अमेरिकी कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार घेतली. कोपर टेकतो तिथे लाकूड उघडं, पट्ट्याच्या बकलाने पाठ खरवडलेली. आई म्हणाली, “पैसे मोजून जुनं भांडं आणलंस, निदान कल्हई तरी कर!” मी आज्ञाधारक. गल्लीच्या टोकाला मोटारी रंगवणारा होता. त्या भल्या माणसाने सगळं घासलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, लालभडक ड्युको रंग मारला. गिटार अशी झाली की वरातीच्या बँडने भाड्याने मागावी. (हसू नका, एकाने खरंच मागितली.)

गंमत अशी, की फेंडरवालेही ड्यूपाँट कंपनीचे मोटारींचेच रंग वापरायचे. त्यांचा फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डवरचा. म्हणजे आमच्या रंगाऱ्याचं सामान चुकलं नव्हतं, फक्त तीसेक वर्षं उशीर झाला होता.

पुढे एका जाणकाराने चार स्क्रू काढून नेक, म्हणजे गिटारची दांडी, सुटी केली. तिच्या टाचेवर शिक्का: ‘२ मार्च ६३ बी’. मी म्हटलं, “वा, दोन मार्च!” तो म्हणाला, “२ हा मॉडेलचा आकडा, बी म्हणजे नटाची, तारा टेकतात त्या दांडीच्या टोकाच्या पट्टीची, रुंदी. तारीख दिलेलीच नाही, फक्त महिना आणि साल.” मग बॉडीकडे बघून त्याने डॉक्टरसारखा चष्मा काढला. त्या काळी फेंडरमध्ये रंगवताना बॉडीला खिळे ठोकत आणि मागाहून उपटत. बिनरंगाची ती बारीक भोकं हाच मूळ रंगाचा पुरावा. आमच्यात तिथे लांबी होती. रंग बदलला की भाव साधारण निम्मा होतो, हा बाजाराचा ढोबळ हिशेब. माझा निम्मा भाव त्या लांबीत गाडलाय.

लोक मात्र पाठीमागच्या पट्टीवरचा नंबर फोनवर वाचून दाखवतात आणि विचारतात, साल कुठलं? अहो, आपल्या वडिलांची जन्मतारीख पहिली जून, कारण मास्तरांना शाळेत नाव घालायचं होतं. हा नंबर तसाच. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात पट्ट्यांचा डबा असे, हाताला लागेल ती पट्टी कामगार लावत. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९६५च्या जानेवारीत फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या गिटारींना भाव जास्त, म्हणून या नंबरावरून भांडणं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. तर मुद्द्याचं भरभर. पिकगार्ड, म्हणजे पुढचं पातळ झाकण, उघडा. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवर ३०४ ६३ २१ असा आकडा असेल तर पॉट स्टॅकपोल कंपनीचा, ६३ सालचा एकविसावा आठवडा. गिटार त्याआधीची नसणार, नंतरची असू शकते. सोल्डर पुन्हा तापवलेलं दिसलं की पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, बदलल्याचा संशय घ्या. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरवर स्विच पाच टप्प्यांचा असेल तर तो नंतर बसवलाय, कारखान्यातून तो १९७७पासून आला. अंधारात अतिनील दिवा मारा, जुनं नायट्रो रोगण हिरवट-पिवळं चमकतं, नवा हात वेगळा दिसतो. ट्रस रॉड, म्हणजे दांडी सरळ ठेवणारी आतली सळई, फिरतो का, फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, किती उरल्यात ते बघा. गिब्सन कंपनीची असेल तर आधी हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असतात त्या शेंड्याची, मागची बाजू. तो मागे कललेला असतो, पडली की तिथेच मोडते, आणि सांधा रंगाखाली लपवतात.

माझी गिटार त्या टेबलावर आहे, चहाच्या वेळी बघा. अहो काका, तो रुमाल आधी खिशात ठेवा!