कियारा सिंबाची मुलगी केव्हा झाली?

१९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये शेवटी रफिकी हा वानर सिंहराजा सिंबाचा छावा दोन्ही हातांनी उंच धरतो, कड्याखाली जमलेले प्राणी जल्लोष करतात आणि चित्रपट संपतो. हा छावा नर आहे की मादी, त्याचे नाव काय, याबद्दल तो चित्रपट अवाक्षरही काढत नाही. १९९८ मध्ये व्हिडिओ बाजारासाठी काढलेला ‘सिंबाज प्राइड’ हा दुसरा भाग आला आणि त्याने अशाच सोहळ्यापासून सुरुवात करून सांगून टाकले की सिंबाला मुलगी झाली आहे आणि तिचे नाव कियारा आहे. तेव्हापासून चाहत्यांमध्ये वाद आहे की हे उत्तर मूळ कथेचे मानायचे, की मागाहून कोणीतरी जोडलेली पुरवणी म्हणून सोडून द्यायचे.

या वादात पहिला आक्षेप नेहमी दर्जाचा असतो आणि तो अगदीच निराधार नाही. डिस्नेच्या अशा उत्तरभागांची सुरुवात १९९४ च्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’ने झाली. ‘अलादीन’मध्ये जिनीला रॉबिन विल्यम्स यांचा आवाज होता, येथे तो डॅन कॅस्टेलानेटा यांनी दिला, आणि मूळ चित्रपटाशेजारी ठेवून पाहिल्यास चित्रांतली काटकसर लपत नाही. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतली आणि त्यानंतर दोनच वर्षांत जुन्या गाजलेल्या चित्रपटांच्या या उत्तरभागांचा ओघ आटला. तरीही खर्च कमी म्हणून कथा खोटी, हा न्याय टिकत नाही, कारण ‘टॉय स्टोरी २’ची आखणीसुद्धा आरंभी थेट व्हिडिओसाठीच झाली होती. १९९९ मध्ये तो चित्रपटगृहांत आला आणि आज त्याच्या अधिकृतपणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

दुसरा मार्ग मालकाला विचारण्याचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने ‘स्टार वॉर्स’च्या कित्येक वर्षांच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स ‘लेजेंड्स’ या वेगळ्या कप्प्यात टाकल्या. सहा चित्रपटांबरोबर ‘द क्लोन वॉर्स’ ही अॅनिमेशन मालिका आणि त्याच नावाचा २००८ चा चित्रपट मात्र अधिकृत कथेत राहिला. असा निर्णय उपयोगी असतो, पण मुख्यतः पुढच्या लेखकांना, कारण कोणत्या घटना पाळायच्या आणि कोणत्या मोडल्या तरी चालतील, हे त्यांना त्यातून कळते. प्रेक्षकाच्या मनात बसलेली गोष्ट कंपनीच्या पत्रकाने पुसली जात नाही.

म्हणून आम्हाला तिसरी कसोटी अधिक भरवशाची वाटते. एखादा उत्तरभाग बाजूला काढला, तर त्यानंतर सांगितलेल्या कथेत खिंडार पडते का, एवढेच पाहावे. ‘टॉय स्टोरी २’ काढला, तर २०१० च्या तिसऱ्या भागात जेसी ही बाहुली कोठून आली, हे समजत नाही. हाच निकष ‘द रिटर्न ऑफ जाफर’ला लावला, तर निकाल अनेकांना रुचणार नाही. जाफरचा पोपट इयागो याच चित्रपटात धन्याची साथ सोडतो आणि अखेरीस जिवावर उदार होऊन अलादीनला वाचवतो. १९९६ च्या तिसऱ्या भागात तो अलादीनच्या गोटात दिसतो, तो याच प्रसंगाच्या जोरावर. चित्रे कशीही असोत, कथेच्या साखळीतली ती कडी आहे. याउलट २००६ चा ‘बॅम्बी २’ देखणा असूनही १९४२ च्या चित्रपटातल्या दोन प्रसंगांमधल्या काळात घडतो, आणि पुढचे सारे आधीच ठरलेले असल्याने तो काढला तरी काहीही अडत नाही.

कियाराची गोष्ट या कसोटीवर अधिक गुंतागुंतीची होते. ‘द लायन गार्ड’ या दूरदर्शन मालिकेत सिंबाला कायोन नावाचा मुलगा दाखवला, पण ‘सिंबाज प्राइड’मध्ये तर त्याचा मागमूसही नाही. मालिकेच्या लेखकांना हे नजरेआड करता आले असते. त्यांनी मात्र शेवटच्या पर्वात कायोनला दूरच्या प्रवासाला धाडले आणि परतल्यावर त्याची कोवूशी, म्हणजे ‘सिंबाज प्राइड’मधल्या कियाराच्या जोडीदाराशी, गाठ घालून दिली. म्हणजे १९९८ च्या त्या चित्रपटाने पुढच्या लेखकांचे हात बांधले होते. २०२४ च्या ‘मुफासा’मध्ये तर कियारा थेट मोठ्या पडद्यावर आली. तो चित्रपट २०१९ च्या नव्या आवृत्तीशी जोडलेला आहे, हे खरे. तरी सिंबाला मुलगी आहे आणि तिचे नाव कियारा आहे, एवढे त्याने जसेच्या तसे उचलले.

जपानी अॅनिमेमध्ये याहून ठळक उदाहरण सापडते. १९९३ च्या एका ‘ड्रॅगन बॉल झेड’ चित्रपटातला ब्रोली चाहत्यांचा लाडका झाला, पण तो चित्रपट मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, कालक्रमात कोठेच बसत नव्हता. २०१८ मध्ये मूळ लेखक अकिरा तोरियामा यांनी स्वतः पटकथा लिहून त्याला नव्याने घडवले. ब्रोली अधिकृत कथेत आला. तो जुना चित्रपट बाहेरच राहिला. कियाराच्या बाबतीतही हेच दिसते की मान्यता अख्ख्या चित्रपटाला एकदम मिळत नाही. एखादे पात्र, एखादे नाते, एखादे नाव तेवढे आत घेतले जाते.

ज्यांच्यानंतर काहीच आले नाही, अशा उत्तरभागांपुढे ही कसोटी थांबते. १९९८ च्या ‘पोकाहाँटस २’वर अनेकांचा राग आहे, कारण तेथे नायिका पहिल्या भागातला प्रियकर जॉन स्मिथ याच्याऐवजी जॉन रॉल्फला निवडते. खऱ्या पोकाहाँटसने १६१४ मध्ये रॉल्फशीच लग्न केले होते, हे सांगून काहीजण त्या चित्रपटाची बाजू घेतात. परंतु इतिहासाला साक्षीला बोलावले, तर तो दोघांच्याही विरुद्ध बोलतो. १६१७ मध्ये मायदेशी परतण्याच्या वाटेवर तिचा इंग्लंडमध्येच ग्रेव्हसेंडला मृत्यू झाला, आणि दुसरा भाग मात्र तिला रॉल्फसह आनंदाने जहाजावर चढवून संपतो. पहिल्या भागाची अडचण तर आणखी मोठी आहे, कारण १६०७ मध्ये स्मिथ व्हर्जिनियात उतरला, तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची मुलगी होती.