चौकट

(दृश्य : सोसायटीचं गेट, रात्रीचं फुटेज)

रात्रीचे पावणेदोन. एक माणूस आत शिरतो, दुचाकीचं हँडल धरतो आणि गाडी ढकलत घेऊन जातो. टोपी दिसते, खांदे दिसतात, पायातल्या चपलासुद्धा दिसतात. चेहरा एकाही फ्रेममध्ये नाही. सॉफ्टवेअर चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढतं, ती उमटलीच नाही.

(दृश्य : पडद्यावर सरकणारी खिडकी)

पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी 2001 साली मांडलेली चेहरा शोधायची पद्धत बघा. ही खिडकी 24 बाय 24 पिक्सेलची. आत काळे-पांढरे आयत. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद आहे? नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ आहे? पहिल्या पायरीलाच जमलं नाही की तो तुकडा बाद, खिडकी पुढे. म्हणून तर तेव्हाच्या 700 मेगाहर्ट्झच्या संगणकावरही सेकंदाला 15 फ्रेम तपासून व्हायच्या. आता हे काम असंख्य चेहरे बघून शिकलेली न्यूरल नेटवर्क करतात. वळलेला, अर्धवट झाकलेला चेहराही ती टिपतात. पण तोंडावर उजेडच नसेल, तर त्यांनी तरी काय शोधायचं?

(दृश्य : शिडी, कॅमेरा उतरवताना)

कॅमेरा 14 फुटांवर होता. तिथून दिसतं ते डोकं. तो आठ फुटांवर घेतला. दिवा थेट भिंगात घुसत होता, तो फिरवून येणाऱ्याच्या तोंडावर पाडला. सगळ्यात मोठा फरक या दिव्याने पडला. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग धरला, तरी समोरून आडवा जाणारा माणूस तेवढ्यात पाच सेंटिमीटर सरकतो, आणि चेहरा असतो जेमतेम सोळा सेंटिमीटर रुंद. सगळा फराटा! अनोळखी माणसाची ओळख पटवायला दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे 250 पिक्सेल हवेत, असं 2014 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात होतं. म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला चाळीसएक. ते मिळवायला कॅमेरा नवा घ्यावा लागला नाही. लेन्स बदलली आणि अख्ख्या अंगणाऐवजी फक्त गेटवर रोखली.

चेहरा सापडणं वेगळं, तो कोणाचा हे ठरवणं वेगळं. दुकानातल्या अंधुक फुटेजवरून यंत्राने भलत्याच माणसाचं नाव काढलं आणि 2020 साली अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या पोलिसांनी निर्दोष माणसाला अटक केली.

(दृश्य : तेच गेट, पुढची रात्र)

वॉचमन काका फेरी मारून परत येतायत. चौकट उमटली. कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसतोय.