एक आयत, दोन काठ

बगदाद. तैग्रिसच्या पूर्वेला आझमिया, पश्चिमेला काझिमिया, मधे इमामांचा पूल. नमाजाची वेळ होत आलीय आणि दोन्हीकडे वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधीच्या शुद्धीसाठी, नळ सुरू झालेत.

आधी सुन्नींचं आझमिया, इमाम अबू हनीफा यांची मशीद. हातांकडे बघा. पाणी बोटांकडून कोपराकडे चाललंय. ओले हात डोक्यावरून फिरले. आता पाय नळाखाली. बोटांच्या बेचक्या, टाच, घोटा, सगळं चोळून धुतलं जातंय.

पूल ओलांडला की शियांचे इमाम मूसा अल-काझिम यांचा दर्गा. इथे पाणी कोपरावरून बोटांकडे उतरतं. डोक्याच्या पुढच्या भागावर ओली बोटं टेकतात. मग नवं पाणी न घेता त्याच ओल्या हाताने पावलावर मसह, म्हणजे हात फिरवायचा. झाला वुजू.

दोघांचं कुराण एकच, आयतही एकच: सुरा अल-माइदा, सहावी. नमाजाला उभे राहाल तेव्हा चेहरे धुवा, कोपरांपर्यंत हात धुवा, डोक्यांना मसह करा, आणि पाय, घोट्यांपर्यंत. पायांना स्वतःचं क्रियापदच नाही. ते मागून घ्यायचं. पण जवळचं ‘मसह करा’ घ्यायचं, की त्याआधीचं ‘धुवा’?

अरबीत याचा निकाल एका स्वरावर लागतो. ‘अर्जुलकुम’ (तुमचे पाय) की ‘अर्जुलिकुम’? ‘अ’ असला तर पाय चेहरे-हातांच्या रांगेत वाचता येतात, ‘इ’ असला तर डोक्यांच्या. गंमत अशी की कूफ्याचे कारी, म्हणजे कुराणपठणकार, आसिम यांच्या एका शिष्याने, हफ्स यांनी, ‘अ’ पोचवला, तर दुसऱ्याने, शुअबा यांनी, ‘इ’. आज बहुतेक छापील प्रतींमध्ये हफ्स यांचा ‘अ’ आहे. सुन्नी म्हणतात, म्हणजे पाय ‘धुवा’कडे गेले. शिवाय कोरड्या राहिलेल्या टाचांना आगीचा इशारा देणारी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच. शिया विद्वान तोच ‘अ’ वाचतात आणि म्हणतात, डोकीसुद्धा ‘मसह करा’चं कर्मच आहेत, पाय त्यांच्याच रांगेत बसतात.

923 साली याच शहरात वारलेल्या तबरींनी दोन्ही पाठ ग्राह्य मानले. सुन्नी जग ज्यांना मोठा भाष्यकार मानतं, त्यांच्याच ग्रंथात पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं वचन नोंदलंय: वुजू म्हणजे दोन धुणी आणि दोन मसह. हे दोन्ही काठांवर जरा जास्त वेळा वाचलं जायला हवं.

शिया परंपरेत एक कथा सांगतात. खलिफा हारून अल-रशीदच्या दरबारातला अली इब्न यक्तीन हा छुपा शिया. इमाम काझिम यांनी त्याला लिहिलं, पाय धुवून वुजू करत जा. त्याला कोडं पडलं, पण त्याने ऐकलं. एके दिवशी खलिफाने लपून पाहिलं, पाय धुतलेले दिसले आणि संशय फिटला. मग इमामांचं दुसरं पत्र आलं: आता आपल्या पद्धतीने कर.

हाच पूल. 31 ऑगस्ट 2005 रोजी इथे अफवेने चेंगराचेंगरी झाली, सुमारे हजार शिया यात्रेकरू गेले. त्यांना वाचवताना आझमियाचा सुन्नी तरुण उस्मान अल-उबैदी बुडाला. पूल 2008 मध्ये पुन्हा खुला झाला.

हे चित्रण हिवाळ्यातलं. आझमियातल्या या गृहस्थांनी चामडी मोजे काढलेले नाहीत, वरूनच ओला हात फिरवला. सुन्नी फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, हे चालतं, मात्र मोजे वुजू करून घातलेले हवेत आणि सवलत ठरावीक मुदतीपुरतीच. पलीकडे मात्र नेहमीच्या थंडीतही मोजे उतरवावेच लागतात. धुण्याचा आग्रह धरणारे मोज्यावर मसह मान्य करतात, आणि मसहवाले ते एरवी मानत नाहीत.