घड्याळ, हिरवी काच आणि ५ टन डिझेल

आधीच सांगतो, आजचा विषय जड आहे, जेवताना बघत असाल तर नंतर बघा.

युद्ध संपलं की ज्यांनी माणसं मारली त्यांना शिक्षा कशी होते? आपल्या डोक्यात काय असतं, झगे घातलेले जज, काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेला जनरल, निकाल, झालं. मलाही तसंच वाटायचं. मग स्रेब्रेनिकाच्या केसेस वाचायला घेतल्या आणि लक्षात आलं की यातला अर्धा पुरावा तर चिखलातून वर आलाय.

बॅकग्राउंड पटकन सांगतो. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात जे युद्ध झालं त्यातली ही गोष्ट. स्रेब्रेनिका हे पूर्व बोस्नियातलं छोटं, मुख्यतः मुस्लिम वस्तीचं शहर, १९९३ मध्ये यूएननी त्याला 'सेफ एरिया' जाहीर केलं, नंतर तिथं डच सैनिक होते. जुलै १९९५ मध्ये जनरल रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजेनं ते घेतलं, बायका-मुलांना बसमध्ये भरून बाहेर पाठवलं, पुरुष आणि पोरं बाजूला काढली आणि त्यातल्या ८,००० च्या वर लोकांना मारून मोठमोठ्या खड्ड्यांत पुरलं.

आता खरी गोष्ट इथून पुढे. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं सिक्युरिटी कौन्सिलमध्ये वरून काढलेले फोटो दाखवले, ताजी उकरलेली जमीन दिसत होती. मग काय, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्ब फौजेनं मशीन लावून तेच खड्डे परत उकरले, प्रेतं ट्रकमध्ये भरली आणि लांब आडबाजूला दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. एकाच माणसाचे अवशेष दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी सापडायला लागले ते यामुळे.

पण प्रेतांबरोबर माती पण जाते ना! द्रिना नदीच्या काठी कोझलुक नावाचं गाव आहे, तिथं ज्या जागी माणसं मारली तिथं जवळच्या बाटल्या भरायच्या कारखान्याचा कचरा टाकायचे, फुटलेली हिरवी काच आणि लेबलं. आणि तीच काच, तीच लेबलं कित्येक किलोमीटर लांबच्या एका खड्ड्यात प्रेतांबरोबर निघाली. तिथं काही बाटल्यांचा कारखाना नव्हता. जुळलं ना?

शिवाय एवढं सगळं उकरायचं तर डिझेल लागणार. १४ सप्टेंबर १९९५ चा लष्करी मुख्यालयाचा आदेश सापडला, 'इंजिनिअरिंगच्या कामासाठी' ५ टन डिझेल द्या म्हणून. म्हणजे लपवायला गेले आणि वरून ऑर्डर येत होती याचा कागद स्वतःच बनवून ठेवला. चार चक्रम सैनिकांचं डोकं फिरलं होतं ही थिअरी तिथंच गार पडते.

दुसरा बचाव असा होता की हे सगळे लढाईत मेले. बरं. मग प्रेतांबरोबर डोळ्यांवर बांधायच्या ४४८ पट्ट्या कशा मिळाल्या? डोळे बांधून कोण लढतं?

मला सगळ्यात जास्त लागलं ते घड्याळांचं. काही प्रेतांच्या हातात ऑटोमॅटिक घड्याळं होती, हाताच्या हालचालीवर चालणारी, वार-तारीख दाखवणारी. हात हलायचा थांबला की अशी घड्याळं साधारण दीड-दोन दिवस चालतात आणि मग बंद पडतात. तपास करणाऱ्यांनी अडकलेला वार आणि तारीख वाचून मागे मोजलं, आणि ते हत्येच्या दिवसांशी जुळलं.

साक्षीदार पण होते अर्थात. द्राजेन एर्देमोविच, गोळ्या झाडणाऱ्यांपैकीच एक, यानं स्वतःहून कबूल केलं की ब्रान्येवोच्या शेतावर त्याच्या तुकडीनं दिवसभर माणसं मारली, त्याच्या अंदाजानं १,२०० च्या आसपास. त्याला शिक्षा किती? ५ वर्षं. हो, ५. मला हे अजून पचत नाही, पण तो बोलला नसता तर त्या जागेचा पत्ता इतक्या लवकर लागला नसता हेही खरंय, त्यामुळे मी रागावतो आणि गप्प बसतो.

मोठे मासे मात्र लवकर हाताला लागले नाहीत. काराजिच, म्हणजे बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता, बेलग्रेडमध्ये लांब दाढी वाढवून, केसांचा बुचडा बांधून दुसऱ्याच नावानं पर्यायी उपचार करत होता, आरोग्याच्या मासिकात लेख पण लिहायचा, खोटं वाटेल पण खरंय. २००८ ला सापडला. म्लादिच २०११ ला. हेगच्या कोर्टानं, म्हणजे यूएनच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टानं, दोघांनाही शेवटी जन्मठेप दिली, काराजिचची २०१९ मध्ये, म्लादिचची २०२१ मध्ये पक्की झाली. म्हणजे ज्या बाईचा मुलगा १९९५ ला गेला तिनं त्या निकालाची २६ वर्षं वाट बघितली, जगली असेल तर. आणि सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच तर निकालाआधीच २००६ मध्ये कोठडीत मेला, त्याची फाइल तशीच बंद.

खड्ड्यांचं काम मात्र अजून चालू आहे. नातेवाइकांचं रक्त घेऊन डीएनए जुळवून जवळपास ७,००० जणांची ओळख पटवलीये. आणि ओळख पटली की घरच्यांना विचारतात, सध्या एवढीच हाडं मिळालीत, आता पुरायची की बाकीची मिळेपर्यंत थांबायचं? काही जण थांबतात. काही जण ११ जुलैला पोटोचारीच्या दफनभूमीत आहे तेवढं पुरतात, आणि नंतर कधीतरी परत फोन येतो, अजून एक हाड सापडलंय, कबर परत उघडायची का.