विक्रीचा एकच आकडा

(दृश्य : चाकणची औद्योगिक वसाहत, सकाळची पहिली पाळी. फाटकातून मालाची गाडी बाहेर पडते.)

पुण्याच्या उत्तरेला, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक लहान-मध्यम कारखाने आहेत. त्यांपैकीच एका कारखान्याच्या लेखा विभागात आपण आलो आहोत. येथे हिशेब टॅलीत ठेवले जातात, उत्पादन आणि डिस्पॅचच्या नोंदी ईआरपी या कारखान्याच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, आणि महिना संपला की दोन्हींकडून काढलेल्या याद्या एक्सेलमध्ये व्हीलूकअप (एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारे सूत्र) लावून जुळवण्याचे काम सुरू होते. त्याला तीन दिवस लागतात. अमुक ग्राहकाची मागणी घटते आहे हे मालकांना कळेपर्यंत, त्याच ग्राहकासाठीचा पुढच्या महिन्याचा माल यंत्रावर चढलेला असतो.

म्हणून कारखान्याने पॉवर बीआय, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र करून पडद्यावर तक्ते-आलेखांत दाखवणारे साधन, बसवायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टने हे साधन २०१५ साली सर्वांसाठी खुले केले. टॅब्लो, मेटाबेस, सुपरसेट ही त्याच कुळातील इतर साधने. त्यामागची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली ‘बिझनेस इंटेलिजन्स’ (बीआय) याच नावाने एक व्यवस्था मांडली होती, आणि संस्थेत येणारी माहिती ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचावी, हा तिचा हेतू होता.

साधन संगणकावर उतरवून घ्यायला फारसा वेळ लागला नाही. खरे काम बैठकीच्या टेबलावर सुरू झाले आणि तेथे ते एका साध्या प्रश्नापाशी अडले : विक्री म्हणजे नेमके काय?

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी एक पर्चेस ऑर्डर, एक डिलिव्हरी चलन, एक बिल आणि एक क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी करणारा कागद.)

समजा, एक लाख रुपयांचा माल आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. विक्री विभाग ऑर्डर हाती आली त्याच दिवशी ही विक्री धरतो. डिस्पॅच विभाग गाडी फाटकाबाहेर गेली की ती धरतो, आणि त्याच्या बेरजेत जॉबवर्कसाठी (दुसऱ्या कारखान्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी) बाहेर पाठवलेला, म्हणजे मुळात विकलाच न गेलेला मालही मिसळलेला असतो. बिलावर १,१८,००० रुपये दिसतात, पण त्यांतले १८,००० सरकारकडे भरायचे असतात. ग्राहकाने तपासणीत १०,००० रुपयांचे नग नाकारले, तर क्रेडिट नोट निघते आणि लेखा विभागाच्या हिशेबी विक्री ९०,००० रुपयांवर येते. आपापल्या जागी प्रत्येकाचा आकडा बरोबर आहे. परंतु पडद्यावर ‘विक्री’ या नावाखाली त्यांतला एकच दाखवता येतो.

दोन बैठका झाल्या. अखेर ठरले की विक्री म्हणजे जीएसटी वगळून, क्रेडिट नोटा वजा करून उरलेली बिलांची रक्कम. ऑर्डर आणि डिस्पॅच आपापल्या नावांनी वेगळे दिसतील. लेखा विभागातील मॅडमनी ही व्याख्या वहीत लिहून काढली आणि तिच्याखाली तिन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घेतल्या. या संपूर्ण उभारणीत त्या पानाहून मोलाचे दुसरे काही मला दिसले नाही.

पुढचा गुंता ग्राहकांच्या नावांचा होता. एकच ग्राहक टॅलीत ‘प्रा. लि.’, ईआरपीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’, आणि जुन्या एक्सेलमध्ये शेवटचे टिंब गाळून लिहिलेला होता. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे ग्राहक. त्यामुळे नावांवरून जुळवणी करण्याचा नाद सोडून जीएसटी क्रमांकाचा आधार घेतला गेला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि तमिळनाडूचे ३३, त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या कंपनीचा पॅन. एकाच वाहन कंपनीचे दोन राज्यांतले कारखाने पूर्ण क्रमांकावरून वेगळे ओळखता येतात, आणि पॅनवरून एका नावाखाली आणताही येतात. भंगार उचलणाऱ्या, नोंदणी नसलेल्या लहान व्यापाऱ्यांची यादी मात्र हातानेच नीट करावी लागली.

अहवाल चालू ईआरपीला थेट जोडायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरले होते. गाडी भरून उभी आहे आणि कोणीतरी वर्षभराची विक्री मागितल्यामुळे चलन छापायला वेळ लागतो आहे, अशी वेळ यायला नको होती. म्हणून रात्री टॅली आणि ईआरपी या दोन्हींकडची माहिती एका स्वतंत्र डेटाबेसमध्ये उतरते. तेथे मध्यभागी बिलांतील प्रत्येक ओळीचा तक्ता आणि भोवती ग्राहक, वस्तू व तारीख यांचे तक्ते असतात. या मांडणीला स्टार स्कीमा म्हणतात. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, हे सूत्रात मुद्दाम सांगावे लागते. न सांगितल्यास ‘वर्षारंभापासूनची विक्री’ जानेवारीपासून मोजली जाते.

एवढे करूनही पहिल्या आठवड्यात सलग दोन दिवस पडद्यावर जुनेच आकडे होते. कारखान्यातील डेटाबेस आणि क्लाउडवरील पॉवर बीआय यांना जोडणारा गेटवे लेखा विभागातल्याच एका संगणकावर बसवला होता, आणि सर्वांत शेवटी घरी जाणारे गृहस्थ इमानेइतबारे सगळे संगणक बंद करून जात होते. गेटवे चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर हलवला गेला. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात दिवसातून आठ वेळा माहिती ताजी करता येते. येथे सकाळी सहाची एकच वेळ पुरते, कारण मूळ डेटाबेसच रात्री भरला जातो.

(दृश्य : सोमवारची बैठक. भिंतीवर पडदा.)

मार्चच्या स्तंभावर टिचकी मारली की त्यामागची बिले उघडतात. विक्रीप्रमुख एका बिलापाशी थांबतात. त्यात मालाऐवजी नव्या साच्याचा खर्च आहे, जो ग्राहकाकडून वेगळे बिल करून वसूल केला आहे.

“मॅडम, हे विक्रीत धरायचे का?”

मॅडम वही उघडतात, सह्यांच्या पुढचे कोरे पान काढतात आणि वर तारीख घालतात.